मल्लम्मा बावीचं नाव

अम्माला जाऊन वर्ष झालं त्या दिवशी अंजय्याने तीनशे माणसांचा स्वयंपाक सांगितला होता, आणि बारा वाजायच्या आत साडेचारशे येऊन बसली. लग्नाचा हॉल घरचाच, त्यामुळे जागेची चिंता नव्हती. मागच्या मोठ्या दालनात पंगती चालू होत्या. बगारा भाताचा वास थेट रस्त्यापर्यंत जात होता आणि मटणाची दुसरी देग चुलीवर चढली होती. पुढच्या दालनात अम्माचा फोटो. फोटोसमोर केळीच्या पानावर तिला आवडायचं ते सगळं वाढलेलं आणि शेजारी ताडीचा लोटा.

सत्तेम्मा फोटोशेजारी खुर्चीत बसली होती. तीच सगळ्यांत थोरली, सत्तर वर्षांची. येणारा जाणारा आधी फोटोला हात जोडायचा, मग तिच्या पाया पडायचा. आणि जवळजवळ प्रत्येकजण तेच एक वाक्य बोलायचा.

"तुमच्या अम्माच्या हातचं पाणी प्यालोय आम्ही."

सत्तेम्मा मान हलवायची. बावीस वर्षांपूर्वी नवरा गेला, पोरबाळ नव्हतं, तेव्हापासून ती अंजय्याच्या घरी वरच्या खोलीत राहत होती. हे वाक्य ऐकून मान हलवायची सवय तिला तितकीच जुनी.

मग एक म्हातारा आला. पांढरी लुंगी, डोळ्यावर जाड चष्मा, हातात काठी. चाळीस वर्षं दगडाचा ट्रक चालवला, असं त्याने सांगितलं. तो फोटोसमोर उभा राहिला तो राहिलाच.

"काय झालं, तात्या?" सत्तेम्माने विचारलं.

"काही नाही, अम्मा. डोळे गेलेत आता." त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "माझ्या आठवणीत त्या ठेंगण्या होत्या. काळ्यासावळ्या. कपाळावर हिरवं गोंदण होतं, अगदी भुवईपर्यंत. गाडीचं बोनेट मी उघडायच्या आधी घागर घेऊन यायच्या. म्हणायच्या, आधी गाडीला पाज, मग तू पी. तिला तुझ्यापेक्षा जास्त तहान लागलीय." तो हसला. "फोटोत वेगळ्या दिसतात."

फोटोतली अम्मा उंच होती, गोरी होती, आणि तिच्या कपाळावर कुंकवाशिवाय काही नव्हतं.

"फोटोत माणूस वेगळं दिसतंच," सत्तेम्मा म्हणाली. "जेवून जा, तात्या."

तो गेला. तिच्या तोंडाला कोरड पडली होती, पण तिने पाणी मागितलं नाही.

जरा वेळाने श्रावंती आली. अंजय्याची मुलगी, ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर, बोलायला गोड; आत्याला मेनत्ता, बापाला नायना म्हणायची. "मेनत्ता, चल ना जरा आत. नायना बोलावतोय. दोन मिनिटांचं काम आहे."

स्टेजच्या मागे नवरीला सजवायची खोली होती. भिंतभर आरसा, त्याच्याभोवती दिव्यांच्या माळा. आज तिथे टेबलावर कागद होते. अंजय्या खुर्चीत बसला होता, पासष्टीचा, जड अंगाचा, खांद्यावर नवं उपरणं. त्याची बायको पुष्पलीला उभी राहून पानांची तबकं मोजत होती. धाकटा नर्सिम्लू आरशाला पाठ लावून उभा होता आणि नेहमीसारखा कुणाकडेच बघत नव्हता. तीन वर्षांपूर्वी हॉलच्या कागदावरून त्याचं नाव निघालं, तेव्हापासून तो या घरात पाहुण्यासारखा यायचा आणि पाहुण्यासारखाच जेवून जायचा.

"बस, आक्का," अंजय्या म्हणाला. "मेट्रोच्या स्टेशनाचं सांगितलं होतं ना तुला?"

"सांगितलं होतं."

"त्या बिल्डरने पुन्हा अर्ज टाकलाय. खाणीच्या खड्ड्यावर तीस मजले उभे केले, आता स्टेशनालाही त्याच्याच बिल्डिंगचं नाव पाहिजे. इंग्रजी नाव! आपल्या कंडक्टरांना उच्चारता तरी येईल का? अख्ख्या हैदराबादेत कुणालाही विचार, या जागेला काय म्हणतात. मल्लम्मा बावी. मल्लम्माची विहीर. साठ वर्षं हेच म्हणतायत. आता ऑफिसवाले म्हणतात, ही मल्लम्मा कोण ते लिहून द्या. कुटुंबातल्या सगळ्यांत जुन्या माणसाची सही पाहिजे. उद्या दहा वाजता शेवटची मुदत."

"वाच, बिड्डा," पुष्पलीला मुलीला म्हणाली आणि नणंदेकडे बोट केलं. "वदिनाला ऐकव."

श्रावंतीने वाचलं. तिचा आवाज शाळेत बक्षीस घेताना असायचा तसाच स्वच्छ होता. मी सत्तेम्मा, वय सत्तर, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की, माझी आई कैलासवासी मल्लम्मा हिने माझे वडील कोमरय्या यांच्यासह या माळावर विहीर खोदली. येणाऱ्या जाणाऱ्या वाहनचालकांना ती स्वतःच्या हाताने पाणी देत असे. त्यामुळे ड्रायव्हर लोक या ठिकाणास तिच्या नावाने ओळखू लागले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

"पुन्हा वाच," सत्तेम्मा म्हणाली.

"सगळं?"

"शेवटचं."

"हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे."

बाहेर कुणीतरी वाढप्याला हाक मारत होतं. अंजय्याने पेनचं टोपण काढून पेन पुढे केलं. सत्तेम्माने ते घेतलं, आणि हातात नुसतंच धरून ठेवलं.

तिने पाहिलेलं होतंच. तिच्याइतकं कुणी पाहिलं नव्हतं. ती सात वर्षांची असताना इथे बाभळीशिवाय काही नव्हतं. शहर इथून कोसभर दूर, आणि शहराला लागणारा दगड इथल्या खाणीतून जायचा. सत्तेम्माचा नायना, कोमरय्या, तेव्हा खाणीवर मुकादम होता. खाणीत पाणी लागेना म्हणून खाणीच्या मालकाने, दोराने, वडारांच्या एका जोडप्याला विहीर खोदायला लावलं. पोचय्या आणि मल्लम्मा. तीस फुटांवर सुरुंग उशिरा उडाला आणि पोचय्या आतच राहिला. मल्लम्माने बाकीचे दहा फूट एकटीने खणले, दिरांना हाताशी घेऊन. पाणी लागलं. दोराने विहिरीभोवतीचा तुकडा तिच्या नावाने लिहून दिला, नवऱ्याच्या बदल्यात. तिने तिथेच झोपडी घातली.

मग ट्रक थांबायला लागले. इंजिन तापलेलं असायचं, खाणीचा चढ मोठा. ट्रक थांबतात म्हणून एकाने चहाची टपरी टाकली. टपरी आहे म्हणून दुसऱ्याने पंक्चरचं दुकान. माणसं दिसतात म्हणून बस थांबायला लागली, आणि बस थांबल्यावर कंडक्टरला ओरडायला काहीतरी लागतं. त्याने जे समोर दिसलं ते ओरडून टाकलं. पोस्टमनने ते पत्त्यावर लिहिलं. मग प्लॉट पडले, शाळा आली, बँक आली, कोंबडीची दुकानं, दवाखाने, उड्डाणपूल. नाव कुणी ठेवलं नव्हतं. ते आपोआप रुजलं होतं, आणि त्याच्या आजूबाजूला लाखभर माणसं राहायला आली होती.

आणि घरातली मल्लम्मा, तिची आई, त्या विहिरीवर कधी गेलीही नव्हती. वडारणीच्या विहिरीचं पाणी तिला चालायचं नाही. तिच्यासाठी गावातून घागरी यायच्या.

"आक्का, विचार कसला करतेस?" अंजय्या म्हणाला.

"अंजी, ही आपली अम्मा नव्हे."

कुणालाच कळलं नाही. श्रावंतीने कागद उलटून पाहिला, नावात चूक झाली की काय.

"विहीर आपल्या अम्माने खोदली नाही. पाणी अम्माने दिलं नाही. ती मल्लम्मा वेगळी होती. वडारांची. तुम्ही लहान होता. ती इथून गेली तेव्हा तू आठ वर्षांचा, खाणीवर यायचास नाही, नायना येऊ द्यायचा नाही. नर्सी तर पाळण्यात होता."

"वदिना!" पुष्पलीलाच्या हातातलं तबक टेबलावर वाजलं. "सासूबाईंनी स्वतः सांगितलंय आम्हाला. शंभर वेळा. घागरीत कडुलिंबाची डहाळी टाकायचे म्हणून. मुलांना मांडीवर घेऊन सांगायच्या."

"डहाळी ती टाकायची. धूळ बसू नये म्हणून. अम्माने माझ्याकडून ऐकलं होतं." सत्तेम्माला आईचे शेवटचे दिवस आठवले. नव्वदीला टेकलेली ती बाई उशीला टेकून पणतवंडांना गोष्ट सांगायची आणि सांगता सांगता तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. ती खोटं बोलत नव्हती. लोक तीस वर्षं येऊन पाया पडत होते, पाणी प्यालो म्हणत होते. तिला ते खरंच आठवायला लागलं होतं. आणि पायाशी बसलेली सत्तेम्मा तिचे पाय चेपत होती, गप्प.

"बरं, असेल," अंजय्या सावकाश म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. बावीस वर्षांत त्याने बहिणीला कधी खाल्लेल्या अन्नावरून बोलून दाखवलं नव्हतं. "दोघींचं नाव एकच. ती गेली, ही पण गेली. जागा तर आपलीच आहे ना? नायनाने विकत घेतली तिच्याकडून."

"विकत नाही घेतली."

"म्हणजे?"

आता मागे जाता येत नव्हतं. सत्तेम्माने पेन टेबलावर ठेवलं.

"मी तेरा वर्षांची होते. पाचवी शिकले होते. खाणीवर वाचता येणारी मी एकटी, नायनालाही नीट येत नव्हतं. नायनाने एक कागद आणला आणि म्हणाला, हा मल्लम्माला वाचून दाखव. काय वाचायचं ते मी सांगतो. कागदात लिहिलं होतं की तिने तुकडा नायनाला विकला, पैसे मिळाले. मी वाचलं, विहिरीवर मोटर बसवायचा अर्ज आहे. सरकार मोटर देणार आहे, तुला घागरी ओढाव्या लागणार नाहीत. मी तिच्या झोपडीत बसून वाचलं. तिने मला गूळ-शेंगदाणे दिले होते खायला. मग आम्ही तिघं कचेरीत गेलो. कारकुनाने विचारलं, वाचून दाखवलं का? ती म्हणाली, या पोरीने वाचलंय. आणि अंगठा दिला."

खोलीत आरशातले दिवे तेवढे चमकत होते. श्रावंतीने हातातला कागद टेबलावर पालथा ठेवला.

"घरी आल्यावर नायनाने माझ्या डोक्यावर हात ठेवला," सत्तेम्मा म्हणाली. "त्याआधी कधी ठेवला नव्हता."

अंजय्या काहीतरी बोलणार होता. पण आधी नर्सिम्लू बोलला. आरशाला लावलेली पाठ सोडवून तो टेबलापाशी आला आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याने भावाच्या डोळ्यांत पाहिलं.

"म्हणजे मूळ कागदच खोटा," तो म्हणाला. "अन्ना, हे बाहेर गेलं तर? त्या बिल्डरचा वकील काय करील या हॉलचं?"

"बाहेर कशाला जाईल?"

"आक्का सही करणार नाही म्हणाली तर लोक विचारतील ना, का नाही केली."

"नर्सी, मी त्यासाठी नाही सांगितलं," सत्तेम्मा म्हणाली.

"तू थांब, आक्का. तू बरोबर बोललीस. आयुष्यात पहिल्यांदा या घरात कुणीतरी बरोबर बोललं." त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, पण बघत होता अंजय्याकडे. "मी आक्काच्या बाजूने आहे. आक्काला कुणी जबरदस्ती करणार नाही. माझ्या घरी घेऊन जाईन मी तिला."

"तीन वर्षांत तिच्यासाठी एक साडी आणली नाहीस," पुष्पलीला म्हणाली, "आणि आता घरी नेणार? सगळं कळतं हं आम्हाला."

"कळतंय ना? मग माझं नाव का काढलंत ते पण कळू दे."

"पोरीसमोर बोलू नका," अंजय्या ओरडला.

"पोरीसमोरच बोलायचं! पोरीनेच तर टाईप केलंय!"

श्रावंती रडायला लागली. मोठ्याने नाही, नुसतीच नाक ओढत. पुष्पलीलाने दार आतून लावून घेतलं आणि पाहुणे ऐकतील म्हणून पंखा मोठा केला. पुढचा पाऊण तास त्या खोलीत मल्लम्माचं नाव कुणी घेतलं नाही. ना या, ना त्या. हॉल, गाळे, मागची पार्किंगची जागा, नर्सिम्लूच्या मुलाचं शिक्षण, नायनाने मरताना कुणाला काय कबूल केलं होतं. सत्तेम्मा मधे बसून ऐकत होती. सत्तावन्न वर्षं जी गोष्ट तिने जिभेखाली दाबून ठेवली होती, ती बाहेर पडून तासही झाला नव्हता, आणि दोघा भावांनी ती ओढाओढीला घेतली होती.

हळूहळू आवाज खाली आले. मग हॉलच्या कागदावर दोन नावं लावायची असं ठरलं. मग पुष्पलीलाने नर्सिम्लूला पाणी दिलं, आणि त्याने ते घेतलं.

"आक्काला कशाला त्रास?" नर्सिम्लू ग्लास ठेवत म्हणाला. आवाजात आता मऊपणा होता. "वय झालं तिचं. वयात माणसाला काहीबाही आठवतं. मी करतो सही."

"तू दोन वर्षांचा होतास," सत्तेम्मा म्हणाली.

"वय कोण मोजतंय? कुटुंबातला जाणता माणूस म्हणून करीन."

श्रावंतीने डोळे पुसले आणि कागदातलं नाव कसं बदलायचं ते विचारलं.

सत्तेम्मा उठली.  तिला कुणी थांबवलं नाही. तिने पंगतीच्या दालनातून वाट काढली. फरशी ओली होती. बुजवलेली विहीर याच दालनाखाली होती, स्वयंपाकघराच्या दाराशी कुठेतरी. मागच्या दाराने बाहेर येऊन तिने रिक्षा थांबवली.

"वडार कॉलनी," ती म्हणाली. "दगडी पाटे-वरवंटे विकतात, तिथे."

पत्ता तिला माहीत होता. वीस वर्षांपूर्वी रविवारच्या बाजारात एका पाट्याला टाकी लावणाऱ्या बाईकडे तिची नजर गेली होती. ती येल्लम्मा होती, मल्लम्माची मुलगी. विहिरीच्या काठावर दोघी गजगे खेळायच्या. येल्लम्मानेही तिला ओळखलं होतं. दोघींनी एकदमच दुसरीकडे पाहिलं होतं. ती राहते कुठे, ते सत्तेम्माने नंतर शेजारच्या दुकानदाराला विचारून ठेवलं होतं.

रिक्षा पोचली तेव्हा उन्हं उतरली होती. पत्र्याच्या छपराखाली येल्लम्मा फरशीच्या तुकड्यावर बसली होती. केस पांढरे, हातांवर दगडाची धूळ. समोर अर्धवट झालेला पाटा. तिने मान वर करून पाहिलं आणि हातातली टाकी खाली ठेवली नाही.

"सत्ती," ती म्हणाली.

"हो."

"पाटा पाहिजे?"

"नाही."

येल्लम्माने पायाने एक पोतं पुढे सरकवलं. सत्तेम्मा त्यावर बसली. रिक्षात जुळवलेलं काही आता जुळेना. शेवटी तिने जसं आलं तसं सांगून टाकलं. कागदाचं, मोटरचं, कचेरीचं. मग आजचं. स्टेशन, बिल्डर, अर्ज, भाऊ.

"तुला माहीत नसेल," ती म्हणाली, "पण मी खोटं वाचलं होतं."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. कचेरीतून परत येताना शिपायाने गाठलं अम्माला. म्हणाला, बाई, विकलंस की गं सगळं." येल्लम्माने पाट्यावरची धूळ फुंकली. "अम्मा घरी आली. मी म्हटलं, चल कोमरय्याच्या दारात, ओरडू. ती म्हणाली, ओरडून काय होणार? दोरा गेला गाव सोडून, कोण आहे आपलं? पंधरा दिवसांनी तुझ्या नायनाची माणसं आली. झोपडी काढायला आम्हीच मदत केली त्यांना. बांबू आमचे होते ना."

"मला काही म्हणाली?"

"तुला?" येल्लम्माने प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं. "तुझं नाव नाही काढलं तिने. कधीच नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

शेजारच्या झोपडीत कुणीतरी मिक्सर लावला. तो थांबेपर्यंत येल्लम्मा पाट्यावरचा कच हाताने झाडत राहिली.

"मी ठरवून आलेय," सत्तेम्मा म्हणाली. "मेट्रोवाल्यांना मी खरं लिहून देते. नाव तुझ्या अम्माचं आहे. तिचा फोटो असेल तर दे. मला अजून लिहिता येतं. अंजी काही म्हणो. घराबाहेर काढलं तर काढलं."

येल्लम्मा हसली. त्या हसण्यात राग नव्हता, पण दुसरंही काही चांगलं नव्हतं.

"फोटो कुठला? तुला एक सांगू? अम्मा तिथे काम शोधायला जायची, बिल्डिंगा चढत होत्या तेव्हा. डोक्यावर पाटे घेऊन बसने जायची. कंडक्टर ओरडायचा, मल्लम्मा बावी, मल्लम्मा बावी, उतरा उतरा. ती पदर तोंडावर ओढून घ्यायची. सगळी बस तिच्याकडे बघतेय असं तिला वाटायचं. कोण बघतंय? कुणाला माहीत होतं? मग ती एक स्टॉप आधी उतरायला लागली. तिथून डोक्यावर दगड घेऊन चालत जायची. मरेपर्यंत."

सत्तेम्माने मान खाली घातली.

"इथे कॉलनीत आलो तेव्हा नाव विचारलं लोकांनी. म्हणाली, पोचम्मा. नवऱ्याच्या नावावरून घेतलं. रेशनकार्डावर पोचम्मा. मसणातही पोचम्मा म्हणूनच गेली. स्वतःचं नाव टाकून दिलं तिने, कारण रोज कुणीतरी रस्त्यावर ते ओरडत होतं. आणि तू म्हणतेस, स्टेशनावर लिहिते."

"मग काय करू? मी नाही सांगितलं तर ते आमच्या अम्माचा फोटो लावतील. नाहीतर बिल्डरचं नाव लागेल. तिचं काहीच राहणार नाही तिथे."

"बिल्डरचं लागू दे."

"येल्ली..."

"लागू दे म्हणते ना. इंग्रजी नाव लागू दे. ते ऐकून आमच्यातलं कुणी तोंड लपवणार नाही. माझी नात जाते तिकडे रोज, दुकानात कामाला. तिला ठाऊक नाही, आणि मला तिला कळू द्यायचं नाही." येल्लम्माने टाकी उचलली. "तू काही लिहू नकोस, सत्ती. तुझं लिहिणं-वाचणं पुरे झालं आम्हाला."

मग ती पाट्यावर घाव घालायला लागली.  परत येऊ का, असं सत्तेम्माला विचारायचं होतं. विचारलं नाही. उठताना तोल गेला तेव्हा येल्लम्माने तिचा दंड धरून तिला उभं केलं आणि लगेच सोडून दिलं. तिच्या हाताची पांढरी धूळ सत्तेम्माच्या बाहीवर उठली.

घरी पोचली तेव्हा अंजय्या दारातच उभा होता. दुपारपासून तिला शोधायला दोन माणसं पाठवली होती, असं पुष्पलीलाने आतून ऐकवलं.

"कुठे गेली होतीस?"

"मल्लम्माच्या लेकीकडे."

अंजय्या पायरीवर बसला. उपरणं काढून त्याने तोंड पुसलं. नायना बसायचा तसाच तो गुडघ्यांवर हात टेकून बसला होता.

"किती मागतायत?" त्याने विचारलं.

"काही नाही मागत. म्हणतात, ते नाव काढून टाका."

त्याला ते समजायला वेळ लागला. सत्तेम्मा त्याच्या शेजारी बसली आणि तिने सगळं सांगितलं, बसचं, पदराचं, एक स्टॉप आधी उतरण्याचं. तो ऐकत राहिला. 

"आक्का, माझ्या हॉलच्या पाटीवर ते नाव आहे," तो हळूच म्हणाला. "शाळेच्या दाखल्यावर आहे. लग्नाच्या पत्रिकांवर. मी कुठला, असं कुणी विचारलं तर साठ वर्षं मी तेच सांगतोय. आता काढून टाकलं तर मी कुठला म्हणून सांगू?"

सत्तेम्माने त्याच्या हातातलं उपरणं घेऊन त्याची घडी घातली. 

"लहानपणी मला वाटायचं," अंजय्या म्हणाला, "की कंडक्टर आपल्या अम्मालाच हाका मारतोय. बसमध्ये मी पोरांना सांगायचो, ती माझी अम्मा." मग तो उठला. "जेवून घे. मटण ठेवलंय तुझ्यासाठी."

 

सकाळी तो अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून खाली आला तेव्हा सव्वानऊ झाले होते. हातात फाईल होती. वर नर्सिम्लूच्या सहीचा कागद, त्याच्या मागे अम्माचा फोटो, हॉलच्या पायाभरणीची जुनी पत्रिका. नर्सिम्लू गाडीत पुढच्या सीटवर बसला होता. दोघे भाऊ एका गाडीत बसून कुठे निघाले, असं तीन वर्षांत झालं नव्हतं. पुष्पलीलाने दोघांना दही-साखर दिली.

सत्तेम्मा अंगणात उभी होती. काय बोलायचं ते तिने अंथरुणात पडल्या पडल्या शंभरदा म्हणून पाहिलं होतं. अंजी, जाऊ नकोस. एवढंच. तीन शब्द.

अंजय्या गाडीपाशी थांबला. "आक्का," तो म्हणाला आणि तिच्याकडे बघत राहिला, जणू तीच काहीतरी म्हणेल आणि मग त्याला काही ठरवावं लागणार नाही.

तिचं तोंड उघडलं. वरच्या खोलीतला आपला पलंग तिला दिसला, खिडकी, औषधांची पिशवी. येल्लम्माचे शब्दही आठवले, पण ते लिहिण्याबद्दल होते, बोलायला कुणी मनाई केली नव्हती.

"ऊन वाढायच्या आत जाऊन या," ती म्हणाली.

अंजय्याने मान हलवली, गाडीत बसला. फाटक उघडणारा माळी अजून आला नव्हता. नर्सिम्लू उतरायला निघाला तेवढ्यात सत्तेम्मा स्वतःच पुढे झाली, कडी काढली, आणि फाटकाचे दोन्ही दरवाजे, एकामागून एक, भिंतीपर्यंत ओढून धरले. गाडी रस्त्याला लागून वळेपर्यंत ती ते धरून उभी होती.